साप फूत्कारतो, पण कोणासाठी?

प्रश्न : सापाला कान नसतात, असे शाळेत शिकवले होते. ज्याला ऐकूच येत नाही, तो प्राणी आवाज तरी कशासाठी करतो? आणि पाल सोडली तर बाकीचे सरपटणारे प्राणी मुकेच असतात, हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन समजुती एकत्र आल्या आहेत. त्यांतली पहिली अर्धी खरी आहे, दुसरी मात्र साफ चुकीची. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. पण अंतर्कर्ण असतो. मधल्या कानातले त्याचे एकुलते एक हाडूक जबड्याच्या सांध्याजवळच्या हाडाला जोडलेले असल्याने जमिनीतली कंपने जबड्यावाटे आत पोहोचतात, आणि हवेतून आलेल्या आवाजाने कवटी किंचित थरथरली तरी तीही त्याला जाणवते. बॉल पायथन या अजगरावरचे प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत या सापाची श्रवणशक्ती ८० ते १६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपने) या खर्जातल्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण आढळली. सापाच्या फूत्काराचा बराचसा भाग मात्र ३,००० हर्ट्झच्याही वर असतो. म्हणजे सापाला स्वतःचा फूत्कार स्वतःलाच धड ऐकू येत नाही, आणि समोरच्या दुसऱ्या सापालाही नाही. तो आहे त्याला तुडवू पाहणाऱ्या किंवा खाऊ पाहणाऱ्या सस्तन प्राण्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी, कारण त्या पट्ट्यातले आवाज त्यांच्या कानांना चांगले ऐकू येतात. आवाज करणाऱ्याला तो ऐकू आलाच पाहिजे असे आपण गृहीत धरतो, ते केवळ आपण एकमेकांशी बोलतो म्हणून.

बहुतेक सापांना स्वररज्जू नसतात. उजवे फुप्फुस लांबलचक आणि डावे अगदी छोटे किंवा नाहीसेच झालेले, अशी त्यांची रचना असते. बरगड्यांचे स्नायू आवळून साप फुप्फुसातली हवा जोराने बाहेर लोटतो, आणि तोंडाच्या तळाशी असलेल्या श्वासनलिकेच्या मुखातून ती निघताना घर्षणाचा आवाज होतो. हवा जितकी जास्त आणि जितकी जोरात, तितका फूत्कार मोठा. घोणस अंग फुगवून जो लांबलचक आवाज काढते, तो अनेकांना कुकरच्या शिट्टीची आठवण करून देतो, आणि ही उपमा चपखल आहे. नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा, आवाज मात्र फूत्कारापेक्षा गुरगुरण्याकडे झुकतो. त्याच्या श्वासनलिकेला जोडून छोट्या पिशव्या असतात. त्या आवाजाला घुमारा देतात आणि त्याचा जोर ६०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बराच खाली, आणून ठेवतात. उत्तर अमेरिकेतल्या पाइन सापाच्या स्वरयंत्रात तर हवेच्या झोतात थरथरणारा एक पडदाच असतो, आणि सापांत ही गोष्ट दुर्मिळ आहे.

फुरशाची तऱ्हा आणखी निराळी. त्याला आवाजासाठी श्वास लागतच नाही. डिवचले गेलेले फुरसे अंगाची नालेसारखी वेटोळी एकमेकांना लावून बसते आणि ती एकमेकांवर उलट दिशेने सरकवत राहते. कुशीवरच्या तिरप्या ओळींतल्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध दातेरी कंगोरा असतो. हे कंगोरे एकमेकांवर घासले की सुक्या लाकडावर करवत चालवल्यासारखी खरखर सुरू होते, आणि साप जागचा न हलता ती बराच वेळ चालू ठेवू शकतो. फूत्कारताना श्वासाबरोबर शरीरातला ओलावाही बाहेर जातो. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या सापाने तो वाचवण्यासाठी ही युक्ती साधली असावी, असा एक तर्क आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो, पण तो तर्कच आहे हे विसरू नये.

शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल फक्त एक नवी गोष्ट सांगतो. माणूस जवळ येऊ लागला की या सापाच्या शेपटीची कंपने हळूहळू वाढत साधारण ४० हर्ट्झपर्यंत जातात, आणि मग एकाएकी ६० ते १०० हर्ट्झवर उडी घेतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात संगणकाने उभ्या केलेल्या आभासी माळरानावर माणसांना सापाकडे ‘चालवले’ गेले. आवाजाने उडी घेताच साप आहे त्यापेक्षा बराच जवळ असल्याचे त्यांना वाटले. इशारा देता देता हा साप ऐकणाऱ्याचा अंतराचा अंदाजही चुकवतो.

आता पालीकडे वळू. तिला खरेखुरे स्वररज्जू असतात, डोळ्यांमागे कानांची छिद्रे असतात आणि त्यांच्या आत पडदेही असतात, त्यामुळे तिचा आवाज तिच्याच जातभाईंसाठी असतो. भिंतीवरच्या पालीची ओळीने येणारी चुकचुक बहुतेकदा नराची असते आणि ‘ही जागा माझी आहे’ असे ती इतर नरांना बजावते. दोन नर भिडले की आवाज बदलून घरघरता होतो, आणि पकडली गेलेली पाल एकच तीव्र चीत्कार काढते. आपण मात्र शंकेची पाल मनात चुकचुकल्याचे म्हणतो; पालीच्या बाजूने पाहिले तर त्या आवाजात शंकेला जागाच नाही. आग्नेय आशियातल्या टोके पालीला तिच्या आवाजावरूनच नाव पडले आहे.

प्रश्न : मगरीची पिल्ले अंड्यात असतानाच आवाज करतात असे वाचले. मादीला तो खरोखर ऐकू येतो का, की हा योगायोग असतो?

उत्तर : ऐकू येतो, आणि हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. नाईल मगरीची बाहेर पडण्याच्या बेतात असलेली पिल्ले अंड्याच्या आतून आखूड, खाली उतरत जाणारा आवाज काढतात. संशोधकांनी तो ध्वनिमुद्रित करून घरट्याजवळ वाजवला, तेव्हा बहुतेक माद्यांनी माती उकरायला सुरुवात केली. इतर आवाजांना त्यांनी तसा प्रतिसाद दिला नाही. शेजारच्या अंड्यांतली पिल्लेही हा आवाज ऐकून हालचाल करतात आणि आतून साद घालतात, त्यामुळे सगळी जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. त्यानंतर मादी आपल्या जबड्यात त्यांना अलगद उचलून पाण्यात नेते.

मोठेपणी आवाजाचा उपयोग बदलतो. अमेरिकन ॲलिगेटर या मगरीच्या नातलगाचा नर फुप्फुसे भरून घेतो, डोके आणि शेपटी पाण्यावर उचलतो, आणि डरकाळी फुटण्याच्या क्षणभर आधी त्याच्या पाठीवरचे पाणी थेंबाथेंबांनी नाचू लागते. २० हर्ट्झच्या आसपासच्या आणि त्याहून खालच्या, माणसाच्या कानांना जवळजवळ न उमगणाऱ्या कंपनांचा तो परिणाम असतो. चिनी ॲलिगेटरच्या एका मादीला २०१५ मधील प्रयोगात हेलियम आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणात श्वास घ्यायला लावला, तेव्हा तिच्या आवाजातले अनुनाद, म्हणजे पोकळीतल्या हवेत घुमून ठळक होणारे सूर, वर सरकले. घशातल्या आणि तोंडातल्या हवेचा स्तंभ माणसाप्रमाणेच तिच्याही आवाजाला आकार देतो, हे त्यावरून सिद्ध झाले. देह मोठा तर तो स्तंभ लांब, आणि त्याचे अनुनाद खालचे. म्हणून दुरून ऐकणाऱ्यालाही डरकाळी मारणारा केवढा आहे, याचा अंदाज बांधता येत असावा. सुसरीच्या प्रौढ नराच्या नाकाडावर तर घड्यासारखा फुगवटा येतो, आणि त्यामुळे नाकपुड्यांतून निघणारा श्वास घुमत बाहेर पडतो. ‘घडियाल’ हे नाव त्या घड्यावरूनच आले.

प्रश्न : कासवे आवाज करतात का?

उत्तर : करतात, पण इतका क्षीण आणि इतक्या अंतराने की फार काळ कोणी कानच दिला नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मोठ्या नदीकासवांची पिल्ले आणि माद्या पाण्याखाली एकमेकींना साद घालत सोबत प्रवास करतात, असे ध्वनिमुद्रणांवरून दिसते. २०२२ मध्ये झ्यूरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी मुके समजल्या गेलेल्या ५३ जातींचे आवाज टिपले. त्यांत ५० जाती कासवांच्या होत्या. उरलेल्या तिघांत न्यूझीलंडचा तुआतारा हा पालीसारखा दिसणारा सरपटणारा प्राणी, पाय नसलेला एक उभयचर आणि दक्षिण अमेरिकेतला फुप्फुसमासा यांचा समावेश होता.

प्रश्न : रॅटलस्नेकच्या खुळखुळ्यातल्या कड्या मोजून त्याचे वय सांगता येते का?

उत्तर : नाही. प्रत्येक वेळी कात टाकताना एक कडी वाढते, आणि कात वर्षातून अनेकदा टाकली जाते. शिवाय टोकाच्या जुन्या कड्या झिजून तुटतात. या कड्यांच्या आत वाजायला काही नसते. नखासारख्या द्रव्याच्या त्या पोकळ कड्या एकमेकींवर आपटतात, तोच आवाज. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या शेपटीला एकच बोंड असते, म्हणून ते शेपटी कितीही हलवो, वाजत मात्र काहीच नाही.