लीडची जागा स्वीकारण्याविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ज्युनिअर गटाची २१ वर्षांची वयोमर्यादा आता तुझ्या आड येणार आहे, महिलांच्या एका चांगल्या कर्लिंग संघाने तुला लीडची, म्हणजे पहिले दोन दगड टाकणारीची, जागा देऊ केली आहे आणि इतकी वर्षे स्किप, म्हणजे डावपेच ठरवणारी कर्णधार, म्हणून खेळल्यावर ती घेणे तुला पायरी उतरल्यासारखे वाटते आहे. माझे मत आधीच सांगते. ती जागा घे. नाइलाज म्हणून मात्र घेऊ नकोस. बर्फावर दगड सरकवण्याच्या आपल्या या खेळात, आंतरराष्ट्रीय कर्लिंगमध्ये, टिकण्यासाठी जे शिकावे लागते, ते त्या जागेवर सर्वांत लवकर शिकता येते, म्हणून घे.

प्रत्येक एन्डमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका डावात, दोन्ही संघांचे मिळून १६ दगड पडतात आणि त्यांतले पहिले चार दोन्ही लीडचे असतात. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे पहिले पाच दगड पडून होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा गार्ड, म्हणजे लक्ष्यवर्तुळांच्या अलीकडे आडोसा म्हणून ठेवलेला दगड, उडवून खेळाबाहेर काढता येत नाही, त्यामुळे तू ठेवलेल्या गार्डभोवतीच पुढचा सारा एन्ड रचला जातो. हॅमर, म्हणजे एन्डचा शेवटचा दगड, समोरच्या संघाकडे असताना मध्यरेषेवर हवा असलेला तुझा गार्ड हातभर बाजूला पडला, तर स्किपने मनात धरलेला बेत तिथेच मोडतो. हे काम प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही, पण निवड करणारे मात्र ते बारकाईने टिपत असतात.

तुझे स्वतःचे दोन दगड टाकून झाल्यावर खरे शिक्षण सुरू होते. तुमच्या संघाच्या उरलेल्या सहा दगडांपुढे तुला ब्रशने बर्फ घासत धावायचे आहे, म्हणजे दहा एन्डच्या सामन्यात साठ दगडांपर्यंत. सुमारे १९ किलोचा दगड हॅकमधून, म्हणजे पाय रोवायच्या आधारापासून, निघून मागची रेषा ओलांडतो तेव्हा तुझ्या हातातले घड्याळ सुरू झालेले असते आणि जवळच्या हॉग लाइनवर, म्हणजे हाऊसपुढच्या आडव्या रेषेवर, ते थांबते. मधला वेळ चार सेकंदांच्या आसपासचा असतो, आणि त्यात सेकंदाच्या एक दशांशाचा फरक पडला तरी दगड पलीकडच्या हाऊसमध्ये, म्हणजे लक्ष्यवर्तुळांत, काही फूट अलीकडे किंवा पलीकडे थांबतो. तो आकडा वाचून, दगड सोडताना हाताने किंचित ढकलला गेला का हे पाहून, आणि त्या वाटेवरचे पेबल, म्हणजे बर्फावर शिंपडून गोठवलेले पाण्याचे थेंब, कितपत झिजले आहे हे आठवून तुला क्षणात ओरडायचे असते: ‘सहा!’, ‘सात!’ दगड बटणावर, म्हणजे वर्तुळांच्या मध्यावर, जाणार असेल तर सात, त्याच्या थोडा अलीकडे थांबणार असेल तर सहा. दूर हाऊसमध्ये उभ्या असलेल्या स्किपला दगडाची रेषा दिसते, पण त्याचा वेग तुझ्याइतका कुणालाच कळत नाही. सामना पुढे सरकतो तशी बर्फाची चाल बदलत जाते, आणि तो बदल पायांना व ब्रशला आधी जाणवतो. पुढे कधी तू स्किप झालीस, तर हीच जाण तुझ्या कामी येईल. ती नसलेले स्किप मी पाहिले आहेत, आणि उत्तम हात असूनही ते शेवटच्या एन्डमध्ये चाचपडतात.

स्वीपिंगची ताकद कमी लेखू नकोस. २०१५ मध्ये काही ब्रशांच्या कापडामुळे दगडाची वाट हवी तशी वळवता येऊ लागली, आणि वाद इतका पेटला की पुढच्या वर्षी जागतिक महासंघाला ब्रशच्या कापडासाठी एकच मानक ठरवावे लागले.

त्याच जागेवर प्रामाणिकपणाचीही कसोटी लागते. धावत्या दगडाला ब्रश निसटता लागला, तर ते बहुधा लावणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि आपल्या खेळात ते स्वतःहून सांगायचे असते. दगड दोन हॉग लाइनच्या मध्ये असेल तर तो लगेच बाजूला घ्यायचा. पलीकडची हॉग लाइन ओलांडून गेला असेल तर थांबू द्यायचा आणि निर्णय समोरच्या संघावर सोपवायचा. सामना कितीही महत्त्वाचा असो, तुझा हात वर जाण्यात अर्ध्या क्षणाचाही विलंब होऊ देऊ नकोस.

आता तुझ्या मनातल्या कमीपणाविषयी. हॅमी मॅकमिलन यांनी १९९९ मध्ये स्किप म्हणून स्कॉटलंडला जगज्जेतेपद मिळवून दिले. त्याच नावाचा त्यांचा मुलगा ब्रूस मोआटच्या संघात लीड आहे, आणि त्या संघाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्य, तर २०२३ मध्ये ओटावाला विश्वविजेतेपद मिळवले. बीजिंगलाच सुवर्ण जिंकलेल्या ईव्ह म्युअरहेडच्या संघाची लीड होती हेली डफ. तो संघ कसा बनला तेही पाहा. आधीचे ठरलेले संघ तसेच न ठेवता खेळाडूंचा एक समूह निवडला गेला आणि त्यातून चौघींची व एका राखीव खेळाडूची जुळणी झाली. तो डिसेंबर २०२१ मध्ये लेउवार्डनच्या अखेरच्या पात्रता स्पर्धेतून ऑलिंपिकला पोहोचला आणि अंतिम सामन्यात त्याने जपानला १०–३ असे हरवले. अशा निवडीत एकाच जागेचा हट्ट धरणाऱ्या खेळाडूचे नाव लवकर मागे पडते.

शेवटचा दगड टाकण्याची तुझी सवय सुटू नये, ही काळजी मात्र मला रास्त वाटते. त्यासाठी मिक्स्ड डबल्स खेळ. तिथे दोघेच खेळाडू असतात, एन्ड आठच असतात, आणि संघाचा पहिला दगड टाकणाराच शेवटचाही टाकतो. म्युअरहेडच्या संघात सेकंड, म्हणजे लीडनंतर दगड टाकणारी, असलेली जेनिफर डॉड्स २०२१ मध्ये ॲबरडीनला मोआटच्या जोडीने मिक्स्ड डबल्सची विश्वविजेती झाली होती.

फिजिओथेरपीचे शिक्षण अर्धवट सोडण्याचा विचार पूर्णपणे काढून टाक. स्टर्लिंगच्या राष्ट्रीय अकादमीत सरावाची उत्तम सोय आहे आणि राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून खेळाडूंना आधारही मिळतो, पण तो मोजक्यांनाच, आणि निवड बदलली की तोही हातचा जातो. त्याच सुवर्णविजेत्या संघातली व्हिकी राइट परिचारिका आहे आणि महासाथीच्या काळात ती लार्बर्टच्या रुग्णालयात पाळ्या करत होती. खांदे आणि कंबर यांची निगा तू अभ्यासातून जाणतेसच. म्युअरहेडला २०१८ मध्ये कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती, एवढे ध्यानात असू दे.

होकार कळवण्यापूर्वी संघाशी मोकळेपणाने बोलून घे. दगडाच्या वेगाबद्दल अखेरचा शब्द कुणाचा, प्रवासखर्चाची वाटणी कशी, संघ एका हंगामापुरता आहे की पुढच्या ऑलिंपिकपर्यंतचा, आणि मिक्स्ड डबल्सच्या स्पर्धांसाठी तुला मोकळीक मिळेल का, हे सर्व विचार आणि ठरेल ते लिहून घे. उत्तरे पटली तर स्किपला स्वतः फोन कर, आणि पहिल्या सरावाच्या आधी तुमच्या सेकंडबरोबर दोन तास फक्त घड्याळ लावून दगड मोजण्यासाठी मागून घे.

तुझी,
हितचिंतक मावशी