घर आणि नियम : माळ्यावर सामान ठेवता येते, संसार मांडता येतो का?

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आम्ही दोन पिढ्या भाड्याने राहत आहोत. खोली 10 बाय 18 फुटांची असून उंची साडेअकरा फूट आहे. मुलाचे लग्न ठरले आहे. मागच्या अर्ध्या भागावर लोखंडी गर्डर टाकून, जिना लावून माळा करावा आणि मुलगा-सुनेची सोय तिथे करावी, असा विचार आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘घरातल्या घरात करायचे काम, त्याला परवानगी कशाला? शेजारच्या दोघांनी केलेच आहे.’ हे बरोबर आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कंत्राटदाराचे म्हणणे चुकीचे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधील कलम 342 नुसार इमारतीत भर घालण्यापूर्वी किंवा फेरफार करण्यापूर्वी पालिकेला सूचना द्यावी लागते. गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ-पाइपांची दुरुस्ती अशा किरकोळ कामांना त्यातून सूट आहे आणि ‘घरातल्या घरात’ हा समज त्या सुटीमुळेच पसरला आहे. मात्र सुटीत काय बसत नाही हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितलेले आहे, आणि तिथे पोटमाळा किंवा माळा नव्याने घालणे अथवा वाढवणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. शेजाऱ्यांनी केले म्हणून आपले काम नियमात बसत नाही. उद्या एकाची तक्रार झाली, तर तिन्ही घरांची पाहणी होऊ शकते.

आता मोजमाप पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत ‘लॉफ्ट’ म्हणजे सामान ठेवण्याचा माळा. त्याची उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर, खाली मोकळी उंची किमान 2.2 मीटर, आणि राहत्या खोलीत त्याचा विस्तार खोलीच्या 25 टक्क्यांपर्यंतच. आपली खोली 180 चौरस फुटांची आहे, म्हणजे माळा 45 चौरस फुटांचा होईल. आपल्या मनात असलेल्या 90 चौरस फुटांच्या निम्माच. माणसांनी वापरायचा तो मेझनाइन, म्हणजे पोटमजला. तो खोलीच्या निम्म्या क्षेत्रापर्यंत चालतो, पण चटई क्षेत्रात (इमारतीला मंजूर असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्रात) मोजला जातो आणि त्याच्या वर व खाली, दोन्हीकडे किमान 2.2 मीटर उंची लागते. तक्तपोशीची जाडी सहा इंच धरली, तरी त्यासाठी सुमारे 15 फूट उंचीची खोली हवी. आपल्याकडे साडेअकरा फूट आहेत. खाली 2.2 मीटर (सुमारे सव्वासात फूट) आणि तक्तपोशीचे सहा इंच सोडल्यावर वर जेमतेम पावणेचार फूट उरतात. तिथे माणूस बसू शकेल, उभा राहू शकणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, राहण्यासाठीच्या माळ्याला या खोलीत नियमानुसार परवानगी मिळणार नाही, आणि परवानगीविना तो करण्याचा सल्ला मी देणार नाही.

यात कागदापेक्षा भाराची काळजी मला अधिक वाटते. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून अभियंते हिशेब करतात. 90 चौरस फुटांवर तो दीड टनाहून अधिक होतो. गर्डर, फळ्या आणि जिन्याचे वजन वेगळे. हा सारा भार गर्डरच्या टोकांवरून भिंतीत उतरतो. जुन्या चाळींमध्ये बरेचदा सागवानी तुळया, वर कडीपाट आणि लाकडी चौकटीत भरलेली वीट अशी रचना असते. अशा एका खोलीच्या पाहणीत तुळई खोलीच्या मध्यावर ठणठणीत दिसत होती, पण भिंतीत शिरते तिथला गिलावा खरवडल्यावर स्क्रू-ड्रायव्हर दोन इंच सहज आत गेला. ओल आणि वाळवीने टोक आतून पोकळ केले होते. अशा भिंतीत गर्डरसाठी नवी भोके पाडणे म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या डोक्यावर जोखीम टाकणे होय.

आपण भाडेकरू असल्याने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास तो जागेचा ताबा मागू शकतो. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा यांसारखी कामे त्यातून वगळलेली आहेत; भिंतीत गर्डर रोवून केलेल्या माळ्याला ती सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. लग्नाच्या गडबडीत राहती खोलीच वादात सापडावी, असे होऊ देऊ नका.

45 चौरस फुटांचा सामानाचा माळा मात्र अवश्य करावा. प्रथम मालकाची लेखी संमती घ्या, मग परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळया आणि भिंती तपासून घ्या, आणि वास्तुविशारदामार्फत नकाशासह पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे अर्ज करा. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असल्यास म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने पावसाळ्यापूर्वी जाहीर केलेल्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत ती नाही ना, हेही पाहून घ्या. ट्रंका, गाद्या, भांडी वर गेली, की मागच्या भागात लाकडी पार्टिशन घालून नवदांपत्यासाठी आडोसा करता येईल. खिडकीचा वारा पुढच्या भागात यावा, यासाठी पार्टिशन छतापर्यंत नेऊ नये.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन्हींवर पूर्ण माळा करता येईल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : न्हाणीघर, शौचालय आणि घरातील बोळ यांवर पूर्ण क्षेत्राचा माळा चालतो, स्वयंपाकघरावर 25 टक्केच. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रश्न : दादरच्या आमच्या खोलीतला माळा आजोबांच्या काळचा आहे. आता पालिकेची कलम 351 ची (विनापरवाना बांधकामाबद्दलची) नोटीस आली आहे. काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : नोटिशीत दिलेल्या मुदतीतच लेखी उत्तर द्या, ही मुदत अवघ्या सात दिवसांची असू शकते. निवासी बांधकाम 17 एप्रिल 1964 पूर्वीपासून असल्याचे सिद्ध झाले, तर पालिका त्याला सहसा संरक्षण देते. म्हणून जुन्या भाडेपावत्या, करआकारणीचे उतारे, जुना नकाशा, जे मिळेल ते जोडा आणि पोच घ्या. माळ्याचे आजचे मोजमाप व छायाचित्रेही द्या. हे संरक्षण जुन्या माळ्याला त्याच्या मूळ आकारापुरतेच असते. मधल्या काळात आपण तो दोन फुटांनी पुढे ओढला असेल, तर तेवढा भाग स्वतःहून काढून टाका आणि तसे उत्तरात नमूद करा.