धुराड्याखालची जमीन

प्रिय,

तुझे फोटो मिळाले. निम्म्याहून अधिक फोटोंत धुराडं आहे. लालबाग-परळमध्ये नव्यानं फिरणाऱ्याची मान आधी वरच जाते, त्यात गैर काही नाही. पण गिरणगावावर, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या या भागावर, अभ्यास करायचा ठरवलं आहेस, तर पुढचे काही महिने नजर खाली ठेव. धुराडं राखणं सोपं असतं, ते फारशी जागा अडवत नाही. फिनिक्स मिलचं धुराडं आजही उभं आहे, भोवती मॉल आहे. गेली ती जमीन. ती कशी गेली, हे तुला नियमांच्या भाषेत वाचता आलं पाहिजे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम मुळातून वाच. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मग २००१ ची दुरुस्ती शेजारी ठेव. वाटे तेच राहिले, पण वाटायची जमीन आक्रसली. सगळ्या भूखंडाऐवजी आवारात आधीपासून मोकळी असलेली जागा तेवढी हिशेबात धरली. आता गिरणी कशी असते ते आठव. खात्याला खातं लागलेलं, पलीकडे गोदाम, बॉयलर, पाण्याचं तळं. उघडं अंगण असं उरतंच किती? शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी झाली, ती वाटणीत आलीच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो मान्य केला. सुमारे ६०० एकरांचं भवितव्य ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांवर ठरलं. त्या जागी मैदानं आणि साध्या माणसांची घरं होऊ शकली असती. मला याचं दुःख आजही तेवढंच आहे, आणि ते तुझ्यापासून लपवायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पायांची. गिरणी कामगार पायी कामावर जायचा. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात चाळ, चाळीखाली दुकानं, पलीकडे मैदान. रस्ते आणि पूल त्याच वस्तीच्या मापानं झाले. नंतर ज्युपिटरसारख्या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले आणि तिथले कर्मचारी लोकलनं येऊ लागले. जमिनीचा वापर पालटला, स्टेशनचे जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या सकाळी पाऊस होता, हे खरं. पण तुझ्या प्रबंधात हा प्रसंग ‘अपघात’ या मथळ्याखाली घालू नकोस, जमीनवापराच्या प्रकरणात घे.

वास्तू बघायच्या तर त्या कशासाठी तशा होत्या ते विचारत बघ. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असतं, त्याची काच उत्तरेकडे, म्हणजे सूत दिसायला उजेड मिळतो आणि ऊन आत येत नाही. हे तुला कुठल्याही वास्तुतज्ज्ञाकडून कळेल. धोट्याबद्दल, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनाबद्दल, मात्र मुद्दाम विचारावं लागेल. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायची रीत होती. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून जास्त मजुरीच्या या खात्यातून दलित कामगारांना दूर ठेवलं जाई, त्यांच्या वाट्याला त्रासनखातं, म्हणजे सूतकताईचं खातं, वगैरे येई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. संग्रहालयात पॉलिश केलेला धोटा काचेत ठेवला आणि खाली फक्त ‘धोटा, लाकूड’ असं लिहिलं, तर आपण वारसा जपला असं मी म्हणणार नाही. (काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरचं वस्त्र-संग्रहालय बघायला मिळेल तेव्हा आधी पाट्या वाच.)

माणसांकडे लवकर जा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच नाही. तेव्हा पंचविशीत असलेले आज सत्तरीला टेकले आहेत. सुरुवातीला मीही भेटेल त्याला फक्त संपाबद्दल विचारत होते. एका निवृत्त साचेवाल्यानं तासभर उत्तरं दिली आणि मी वही मिटल्यावर साचा, म्हणजे माग, कसा चालतो ते हातानं करून दाखवलं. त्या हालचालीबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. तू विचार. पाळी कुठली होती, बदलीवर, म्हणजे कायम न होता, किती वर्षं काढली, कामावर घेणारा जॉबर (मुकादम) गावचा होता का, एका खोलीत किती जण पाळीपाळीनं झोपत. बायकांना सूत गुंडाळायच्या रीळखात्याबद्दल विचार, खानावळीबद्दल विचार. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या पुरुषांना खानावळी चालवणाऱ्या या बायकांनी जेवू घातलं आणि त्या गिरणीच्या हजेरीपटावर कधीच नव्हत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

गिरणी कामगारांच्या घरांचं प्रकरण अजून चालू आहे. म्हाडाकडे दीड लाखांहून अधिक अर्ज आले. मुंबईत घर हवं म्हणून म्हातारी माणसं आझाद मैदानात बसतात आणि त्यांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. एखाद्या आजोबांना कागद भरायला मदत लागली तर मुलाखत बाजूला ठेव आणि कागद भर.

पुढच्या रविवारी सकाळी भारतमाता टॉकीजसमोर भेटू. येताना भूखंडांचा जुना नकाशा आण आणि एक घड्याळ. काळाचौकीच्या एका चाळीच्या दारापासून गिरणीच्या फाटकापर्यंत भोंग्यानंतर किती मिनिटं लागत असतील, ते आपण चालून मोजू.

तुझी,
बाई