मामंजींची अंडी बंद करायची का?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी झालाय. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांचा दुसरा महिना चालू आहे. डॉक्टरांनी रोज दोन अंडी द्यायला सांगितली होती. पण टीबीचा जंतू कोलेस्टेरॉलमुळेच पेशीत शिरतो, असं माझ्या दिरांनी मोबाइलवर पाहिलं आणि अंडी, तूप, दूध सगळं बंद केलं. वर सासूबाईंची कोलेस्टेरॉलची गोळी मामंजींनाही द्या म्हणतात. काय करू?
– एक सून, तासगाव तालुका

उत्तर : अंडी उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा. सासूबाईंची गोळी सासूबाईंनाच.

दिरांनी पाहिलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, तेव्हा हा भाग मुलांना फार आवडायचा. आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचं पातळ पटल असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींचं काम जंतू गिळून पचवण्याचं. टीबीचा जंतू मात्र त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गॅटफील्ड आणि पीटर्स यांनी २००० साली दाखवलं, की हा जंतू आत घेतला जातो तिथे पटलातलं कोलेस्टेरॉल गोळा होतं. पेशींमधलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं, तर त्या या जंतूला फारसं आत घेईनात. दुसरे काही जंतू मात्र पूर्वीसारखेच गिळत राहिल्या. शिवाय आत गेल्यावर जंतूभोवतीच्या पिशवीला टॅको नावाचं प्रथिन चिकटून राहतं, तेही कोलेस्टेरॉलच्याच आधाराने. त्यामुळे ती पिशवी पाचकरसांच्या पिशवीला मिळत नाही आणि जंतू वाचतो. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञानाच्या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने काळा आजार या तापाच्या परजीवीबद्दलही असंच दाखवलंय: मॅक्रोफेजच्या पटलातलं कोलेस्टेरॉल कमी केलं, की त्याचा शिरकाव घटतो.

पण हे सगळं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. तिथे कोलेस्टेरॉल ओढून घेणारं रसायन थेट पेशींवर ओततात. माणसाला ते असं देता येत नाही, आणि अंडी बंद करूनही तो परिणाम साधत नाही. पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवते. बाहेरून कमी आलं तर जास्त बनवते, पटलातलं प्रमाण राखते. ताटातलं अंडं आणि पटलातलं कोलेस्टेरॉल यांच्यात इतका सरळ रस्ता नाहीच.

उलट टीबीच्या रुग्णांच्या रक्तात कोलेस्टेरॉल बऱ्याचदा कमीच सापडतं. मेक्सिकोत २००५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना टीबीची नेहमीची औषधं होती; एका गटाच्या जेवणात रोज ८०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, दुसऱ्याच्या २५०. जास्त खाणाऱ्यांची थुंकी लवकर जंतुमुक्त झाली! रुग्ण वीस-एकवीसच होते, तेव्हा त्यावरून मामंजींना तुपात बुडवू नका. पण दिरांना हे जरूर ऐकवा.

आता ती गोळी. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या बहुधा स्टॅटिन गटातल्या असतात. या औषधांचा टीबीत जोडउपचार म्हणून उपयोग होईल का, यावर संशोधन चालू आहे, पण आज तो उपचार नाही. मामंजींच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन बऱ्याच स्टॅटिनचा असर उतरवतं. टीबीच्या औषधांचा यकृतावर आधीच ताण असतो, त्यात दुसऱ्याची गोळी घालायची नाही. मामंजींना हृदयासाठी अशी गोळी आधीपासून चालू असेल, तर ती परस्पर थांबवूही नका. दवाखान्यात चिठ्ठी दाखवा.

मामंजींचं वजन दर महिन्याला करून घ्या. आणि टीबीच्या रुग्णांना आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात का पाहिलंत? नोव्हेंबर २०२४ पासून ते महिना १००० रुपये झालेत. येत नसतील तर बँकेचं पासबुक घेऊन टीबीच्या कर्मचाऱ्यांना भेटा. अंड्यांचा खर्च त्यातून सहज निघेल.