पाळीच्या चक्रानुसार शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी-जास्त होते का?

होऊ शकते, पण फरक सहसा थोडाच असतो. अंडोत्सर्गानंतरच्या (बीजकोशातून अंडे बाहेर पडल्यानंतरच्या) साधारण १४ दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढते आणि पाळी तोंडावर आली की ते व इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके उतरतात; इस्ट्रोजेनचा संबंध शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक यंत्रणेशी असल्याने या काळात काही स्त्रियांना वेदना अधिक जाणवते, मात्र सर्व अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच पाळी आली, तर प्रोस्टाग्लँडिनमुळे (गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या रसायनामुळे) येणाऱ्या कळा जखमेच्या दुखण्यात मिसळतात आणि नेमके काय दुखते आहे, हे सांगणे रुग्णालाही कठीण जाते. केवळ यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे मला वाटत नाही. भूलतज्ज्ञांना मात्र शेवटच्या पाळीची तारीख आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तेही निःसंकोचपणे सांगावे.