मालक तिसऱ्या दिवशी कामावर गेले, मग मलाच का एवढं दुखतंय?

"मॅडम, आमच्या मालकांचं पण मूतखड्याचं ऑपरेशन झालंय. ते तिसऱ्या दिवशी कामावर गेले. मला पंधरा दिवस झाले तरी कळा येतात. मी एवढी नाजूक कधीपासून झाले?"

मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. तुलना कधी नवऱ्याशी असते, कधी दिराशी, कधी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाशी. ज्यांचं वाक्य वर दिलंय त्यांना आपण सुनंदाताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई चाळिशीच्या, मिरजेजवळच्या एका गावात शिवणकाम करणाऱ्या. ऐन लग्नसराईत ब्लाउजं अडून राहिली होती. सासूबाई तोंडाने काही बोलत नव्हत्या, पण स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज वाढला होता. झोप उडाली, मधेच रडू यायला लागलं, तेव्हा जाऊबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

मी आधी नवरा-बायको दोघांचीही डिस्चार्ज कार्डं मागवली. अशा वेळी मनाबद्दल बोलण्याआधी कागद बघावेत, असं माझं ठाम मत आहे. मालकांचा खडा 6 मिलिमीटरचा, मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला. दुर्बिणीने तो काढला आणि आत नळी ठेवायची गरज पडली नाही. सुनंदाताईंचा खडा 14 मिलिमीटरचा, तोही थेट मूत्रपिंडात. लवचीक दुर्बीण वरपर्यंत नेऊन लेझरने त्याचा भुगा केला होता आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळण असलेली मऊ नळी, ठेवली होती. घरात दोन्हींना 'खड्याचं ऑपरेशन' म्हणत होते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया होत्या.

ही नळी मूत्रवाहिनी सुजून बंद पडू नये म्हणून ठेवतात, पण ती त्रास देते. मूत्राशयातलं तिचं वळण आतल्या अस्तराला घासतं, त्यामुळे सारखी लघवीला लागते आणि चालल्यावर, वाकल्यावर लघवी लालसर होते. एरवी मूत्राशय आकुंचन पावताना लघवी उलटी वर जात नाही. नळी असली की ती वाट उघडी राहते. म्हणून लघवी करताना, विशेषतः शेवटी शेवटी, थेट कमरेत कळ जाते. स्टेंट असलेल्या दर दहा जणांपैकी आठ जणांना असा काही ना काही त्रास होतो, आणि त्यांत पुरुषही आले. सुनंदाताई तर शिवणयंत्राचं पायडल मारत होत्या. हालचालीने हा त्रास वाढणारच.

हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "पण मॅडम, बायकांना जास्त दुखतं म्हणतात, ते खरंय का?"

खरं आहे, आणि ते पूर्ण सांगायला हवं. बऱ्याच अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांनी सांगितलेली वेदना पुरुषांपेक्षा सरासरीने थोडी जास्त आढळते. सगळ्याच अभ्यासांत नाही, आणि जिथे फरक दिसतो तिथेही स्त्री-पुरुषांचे आकडे एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात. त्यामुळे समोर बसलेल्या एका बाईला किती दुखेल, हे त्या सरासरीवरून सांगता येत नाही. कारणंही एक नाही. संप्रेरकं आहेत, आधीच्या दुखण्यांचा अनुभव आहे, काळजी आणि अपुरी झोप आहे. शरीरातली यंत्रणाही वेगळी असू शकते. 2015 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं की वेदना वाढवण्याचं काम नरांमध्ये मज्जारज्जूतल्या एका प्रकारच्या पेशी करतात आणि माद्यांमध्ये बहुधा रोगप्रतिकारशक्तीच्या वेगळ्याच पेशी. इतका मूलभूत फरक इतक्या उशिरा कळला, कारण वेदनेचे प्रयोग वर्षानुवर्षं मुख्यतः नर उंदरांवरच होत होते. माणसांचंही तेच. अमेरिकेत 1977 च्या सरकारी सूचनेने मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं होतं, ते 1993 मध्ये बदललं. ज्यांच्यावर अभ्यासच कमी झाला त्यांनाच नाजूक म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी सुनंदाताईंना एवढंच म्हटलं, "तुमचं दुखणं तुम्ही सांगाल तेवढं आहे. आता ते डॉक्टरांना नीट कसं सांगायचं, ते बघू."

कारण इथेच गाडं अडलं होतं. घरी त्या कळवळत होत्या, पण तपासणीला गेल्यावर "दुखतंय का?" या प्रश्नावर "थोडं" एवढंच उत्तर देत होत्या. डॉक्टर पुरुष, शेजारी दीर उभे, लघवीच्या जागेबद्दल बोलायचं कसं? जळजळ होते म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. लघवी जितकी घट्ट तितकी जळजळ जास्त, म्हणजे त्रास आणखी वाढत होता. लघवीत रक्त दिसलं ते पाळीचं असेल असं समजून त्यांनी सोडून दिलं. दोन दिवसांपूर्वी अंगात कसकस होती, तीही सांगितली नव्हती.

कसकस ऐकल्यावर मी बोलणं थांबवलं आणि त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका स्त्रियांमध्ये जास्त असतो, आणि 'बायकांना जास्तच दुखतं' म्हणून सोडून दिलेल्या दुखण्यामागे तो लपलेला असू शकतो. थंडी वाजून ताप, लघवी अडणं, रक्ताच्या गाठी, गोळी घेऊनही न थांबणारी कळ, यांतलं काहीही असेल तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

जाण्याआधी आम्ही एका कागदावर लिहिलं: कुठे दुखतं, लघवीच्या आधी की शेवटी, शून्य ते दहामध्ये किती, रात्री किती वेळा उठावं लागतं, पाणी किती. दीर बाहेर थांबले, जाऊबाई आत गेल्या. डॉक्टरांनी कागद वाचला, लघवीची कल्चर तपासणी केली. संसर्ग निघाला आणि प्रतिजैविक सुरू झालं. स्टेंटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनही दिलं. त्यावर औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ही तर पुरुषांच्या प्रोस्टेटची गोळी आहे." सुनंदाताईंनी घाबरून मला फोन केला. ती प्रोस्टेटसाठी वापरतात हे खरं, पण मूत्रवाहिनीचा आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू ती सैल करते, म्हणून स्टेंटच्या कळांवर डॉक्टर ती स्त्रियांनाही देतात. कधी कधी एकदम उठल्यावर चक्कर येते, तेवढं सांभाळायचं.

पुढच्या वेळी मी मालकांनाही बोलावलं. भला माणूस, बायकोला टोचून बोलावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा खरंच काही त्रास झाला नाही?" थोडा वेळ खाली बघून ते म्हणाले, "आग व्हायची की. पण कामावर सांगणार कुणाला?" पुरुष वेदना कमी सांगतात, हाही या फरकाचा एक भाग आहे. 1991 च्या एका प्रयोगात थंडगार पाण्यात हात धरायला लावून किती दुखतं ते विचारलं होतं. विचारणारी स्त्री असली की पुरुषांनी वेदना कमी सांगितली. सुनंदाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "मला तरी सांगायचं होतं," एवढंच बोलल्या.

शिवणयंत्र दोन आठवडे बंद राहिलं, भाकऱ्यांचं जाऊबाईंनी बघितलं. स्टेंट काढायची तारीख आम्ही दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकली. त्रास कमी झाला की नळी आत आहे हेच लोक विसरतात, मग महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच नवे खडे धरतात. नळी ठरल्या दिवशी निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कमरेत कळ आली. नळी काढल्यावर काहींना अशी कळ येते. सुनंदाताईंनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला: उजवी बाजू, सहा, ताप नाही, लघवी होतेय. सांगितलेली गोळी घेतली, दुपारपर्यंत कळ उतरली.

खड्याची तपासणी कॅल्शियम ऑक्झलेटची आली. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला पाणी किती प्यायचं, मीठ किती कमी करायचं, हे समजून घ्यायला पुढच्या महिन्यात दोघं एकत्र येणार आहेत.