‘खाडा’ की ‘खंड’?

कोथरूडच्या एका वाचनमंडळाच्या सदस्येचा प्रश्न आहे. वडिलांच्या अचानक उद्भवलेल्या आजारपणामुळे त्यांना काही महिने मंडळात जाता आले नाही. परत येण्यापूर्वी सभासदांना पाठवलेल्या निरोपात त्यांनी ‘मध्यंतरी माझा खाडा झाला’ असे लिहिले, तेव्हा ‘खाडे कामाच्या बाई करतात, आपला खंड पडतो’ अशी दुरुस्ती एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवली. ती योग्य आहे का, आणि ‘पुनरागमन’ हा शब्द इथे चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

सुचवलेला शब्द योग्य आहे, दिलेले कारण मात्र नाही. ‘खाडा’ हा हलका शब्द नसून हिशेबाचा शब्द आहे. रोजच्या ठरलेल्या कामातला न भरलेला दिवस म्हणजे खाडा, आणि म्हणूनच तो मोजता येतो. मावशींचे महिन्यात तीन खाडे झाले की स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तीन चौकटींत फुल्या पडतात आणि पगार कापायचा की नाही, याची बोलणी त्या फुल्यांवर बोट ठेवून होतात. खंडाचे तसे नाही. ‘माझे तीन खंड पडले’ असे कोणी म्हणत नाही (ग्रंथाचे खंड असतात आणि जमीनही खंडाने देतात, पण ते अर्थ निराळे), ‘तीन महिने खंड पडला’ असे म्हणतात, कारण सलग चाललेले मध्येच तुटणे हा त्या शब्दाचा गाभा आहे. अखंड हरिनाम सप्ताहात विणेकरी वीणा खाली ठेवत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळा होतो. त्या ‘अखंड’मध्ये नाकारलेला खंड तो हाच. वाचनमंडळात कोणी रोजंदारीवर नसते, त्यामुळे तिथे खंडच शोभतो.

तरीही मला नामांपेक्षा त्यांच्या जोडीला येणारी क्रियापदे अधिक बोलकी वाटतात. दांडी आपोआप होत नाही, ती मारावी लागते, आणि मारणाऱ्याचा हेतू त्या क्रियापदातच उघड होतो. खंड मात्र ‘पडतो’; ‘मी खंड पाडला’ म्हटले की दोष बोलणाऱ्याकडे जातो. ‘चुकणे’ आणि ‘चुकवणे’ यांतही हेच अंतर आहे. 2020 आणि 2021 मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात व नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात पालख्यांचा नेहमीचा मुक्काम पडला नाही. त्या दोन वर्षांबद्दल एखाद्या वारकऱ्याची ‘वारी चुकली’ असे म्हणता येईल, पण ‘त्याने वारी चुकवली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. न ठरवता घडलेली अनुपस्थिती सांगायला मराठीने अशी अकर्मक क्रियापदे हाताशी ठेवली आहेत, आणि प्रश्नकर्त्या बाईंच्या ‘खाडा झाला’ या रचनेतही तो विवेक होताच.

‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द मात्र टाळावेत. बंद दुकानांच्या पाट्यांनी ते इतके झिजवले आहेत की वाचणाऱ्याला कारण दडवल्याचाच वास येतो. ‘वडील आजारी होते’ एवढे तीन शब्द पुरतात.

‘पुनरागमन’ चुकीचे नाही, पण भारदस्त आहे. गणपतीच्या उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणतात ते देवाला उद्देशून, आणि वृत्तपत्रांत तो शब्द संघात परतलेल्या खेळाडूसाठी येतो. स्वतःच्या येण्याला तो लावला तर स्वागताची अपेक्षा असल्यासारखे वाटते. ‘पुन्हा रुजू होत आहे’ हा पर्याय सरकारी थाटाचा आहे. गंमत अशी, की ‘रुजू’च्या मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘परतणे’ असा आहे, तरी मराठीत तो कामावर हजर होण्यापुरता उरल्यामुळे त्याला ‘पुन्हा’ जोडावे लागते. त्यापेक्षा मी असे लिहीन : ‘वडील आजारी असल्याने माझ्या येण्यात खंड पडला होता, या आठवड्यापासून पुन्हा येते आहे.’